भार्गवीच्या नावाचे पैसे

राजेशम अण्णा चपला न काढताच उंबऱ्यात उभा राहिला आणि हातातलं वर्तमानपत्र त्यानं माझ्या मांडीवरच्या सुपात टाकलं. सुपात बिडीची कापलेली पानं होती, तंबाखू होती. तंबाखू उडाली आणि माझ्या डोळ्यांत गेली.

“वाच,” तो म्हणाला.

“मला कुठं वाचता येतंय, अण्णा?”

“मग पोरीला सांग.”

भार्गवी कोपऱ्यात गणितं करत बसली होती. अकरा वर्षांची होती तेव्हा, सहावीत. ती उठली, पेपर झटकला आणि शाळेत वाचतात तसं बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. “निराधार महिलांच्या पाल्यांना मदतीचे वाटप.” खाली फोटो होता. आम्ही सात-आठ बायका ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या हातात एकेक कागद. डावीकडून तिसरी मी.

“मामा, अम्मा छान आलीय यात,” भार्गवी म्हणाली.

अण्णानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “निराधार! कळतंय का तुला याचा अर्थ? ज्याला कोणी नाही तो निराधार. मी मेलो का, मणी?”

घरात आम्ही तेलुगूच बोलतो. सोलापुरात आमच्या सगळ्या गल्लीत तेच चालतं. पण तुम्हाला कळावं म्हणून सगळं मराठीत सांगते. त्या एका शब्दाचं मात्र मराठी करायला नको, कारण अण्णानं ‘निराधार’ हा शब्द मराठीतच म्हटला होता. आमच्या भाषेत तो त्याला तोंडातून काढवला नसावा.

अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याचं टॉवेल-चादरीचं दुकान. त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न भिवंडीकडच्या स्थळाशी जुळत आलं होतं, आणि त्या लोकांच्या इथल्या कुणा नातेवाइकानं हाच पेपर त्यांना दाखवला होता. नवरीची सख्खी आत्या निराधार बायकांच्या रांगेत उभी! अण्णाला दुकानात बसवेना झालं होतं.

“काय देतात ते?”

मी सांगितलं.

“एवढ्यासाठी अब्रू घालवलीस? मी देतो. दर महिन्याच्या पाच तारखेला घरी येऊन घेऊन जा. पण ते नाव काढून टाक. तिथं जाऊन लिहून दे, माझा भाऊ मला सांभाळतो म्हणून.”

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत ‘मी देतो’ हे शब्द मी माहेरच्या कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तंबाखू गेली होती म्हणून बरं झालं, तिच्यावर ढकलता आलं.

अण्णा गेल्यावर भार्गवी वही घेऊन माझ्या जवळ येऊन बसली.

“अम्मा, तू सही करणार?”

“करणार.”

“नको ना करू.”

“का? मामा देणारच आहे.”

“मामाचे पैसे मामाचे आहेत. ते माझ्या नावाचे आहेत.”

“तुझ्या नावाचे!” मी हसले. “मोठी सावकारीण आली. मामाच्या घरातलं लग्न आहे. आपल्यामुळं मोडलं तर?”

ती थोडा वेळ पेन्सिल चावत राहिली. मग म्हणाली, “तू म्हणशील तर मी शाळा सोडते. दिवसभर बिड्यांची तोंडं मिटते. पण ते पैसे राहू दे, अम्मा.”

मला तिचा रागच आला. एवढीशी पोर आणि पैशाचा केवढा हव्यास! बाप असा नव्हता, मी अशी नाही, कुणावर गेली ही? “जा, अभ्यास कर,” म्हटलं. “पैसा पैसा करणाऱ्या पोरी मला आवडत नाहीत.”

ती उठून गेली.

आता त्याआधीचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझा नवरा टॉवेलच्या मागावर कामाला होता. छातीचं दुखणं झालं, दीड वर्ष खोकला आणि गेला. मी लग्नाआधीपासूनच बिड्या वळत होते. तो गेल्यावर हजाराच्या खाली दिवस जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. हजार बिड्या म्हणजे काय, हे बसून बघितल्याशिवाय कळत नाही. सकाळी पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं एकेक कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मिटायचं. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करून कारखान्याच्या ब्रँचमध्ये द्यायला जायचं. तिथं तपासणारा एकेक जुडी हातात घेऊन बघतो. सैल दिसली, तोंड उघडं दिसलं की बाजूला फेकतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत आणि तिला लागलेली पानं-तंबाखूसुद्धा आपल्याच डोक्यावर.

एकटीनं हजार होत नाहीत. म्हणून तोंडं मिटायचं काम भार्गवीकडं. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. बोटं लहान, त्यामुळं मिटायची छान, पण मन लागायचं नाही. मध्येच खिडकीतून बघत बसायची. मग छाट निघायची.

आणि मग मी मारायची.

आता हे बोलायला जीभ जड होते, तेव्हा हात जड होत नव्हता. पळीनं, चपलेनं, जे हाताला लागेल त्यानं. आधी छाट निघाली म्हणून मारायची, मग निघेल म्हणून, मग दूध उतू गेलं म्हणून, मग नुसतंच, ती दाराशी येऊन ‘अम्मा’ म्हणाली म्हणून. मारून झालं की मला झोप यायची. ते मी कुणाला सांगितलेलं नाही आजवर. गल्लीत कुणी काही म्हणायचं नाही. घरोघरी मारच होता, आणि मी तर विधवा. शेजारची म्हणायची, “बाप नाही ना, धाक पाहिजेच.”

शाळेतून बाप नसलेल्या मुलांची नावं एका संस्थेकडं गेली आणि त्या संस्थेच्या कसबे मॅडम आमच्या घरी आल्या. सरकारकडून अशा मुलांना दर महिन्याला काही पैसे मिळतात, त्याचा अर्ज त्या भरून घेत होत्या. भार्गवीच्या गालावर त्या दिवशी माझी बोटं उठलेली होती. मॅडमनी ती बघितली. मला वाटलं, संपलं, आता पोलीस. पण त्यांनी विचारलं वेगळंच.

“दिवसाला किती बिड्या होतात, नागमणीताई?”

“हजार.”

“सहाशे केल्या तर काय अडेल?”

मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. खोलीचं भाडं, तांदूळ, तेल. तेवढंच.

पाच महिन्यांनी पैसे यायला लागले. फार नव्हते. भाडं निघायचं आणि तांदळाला हातभार लागायचा. पण मी सातशेवर थांबायला लागले. तोंडं मीच मिटायची. दुपारी अर्धा तास आडवी व्हायची. भार्गवीला मी बिड्यांना हात लावू नको म्हणून सांगितलं, तशी ती आधी दोन दिवस घाबरूनच राहिली. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की पोरगी माझ्याकडं पाठ करून बसलीय. पूर्वी ती कधी पाठ करायची नाही. खोलीत कुठंही असली तरी तोंड माझ्याकडं, डोळा माझ्या हातावर. आता पाठ करून, वहीत डोकं घालून, गुणगुणत बसली होती. मी आठवून बघितलं तर दीड महिन्यात मी तिला एकदाही मारलेलं नव्हतं. ठरवून नाही. देवापुढं शपथ घेतली नव्हती. नुसतंच राहून गेलं होतं.

पण माणूस कसा असतो बघा. मी मनात म्हटलं, नागमणी, तू सुधारलीस. तू मुळातली चांगलीच बाई, मध्येच थोडी बिघडली होतीस. आणि अण्णा आला तेव्हा मला मारणं सोडून आठ महिने झाले होते. मी स्वतःला अगदी गुणाची आई समजत होते.

लिहून द्यायला जायच्या दिवशी बँकेचं पुस्तक सापडेना. मॅडमनी ते घेऊन या म्हणून सांगितलं होतं. डबे बघितले, गादीखाली बघितलं. शेवटी भार्गवीच्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरच्या आत सापडलं. तिनं लपवलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले होते.

मी हसले. “अगं वेडे,” म्हटलं, “हात खाली घे. मी काही करत नाही.” आणि खरंच काही केलं नाही. तिला घेऊन रस्त्यानं जाताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. पूर्वीची मी असते तर कातडं सोललं असतं. आता बघा, मी हसले.

संस्थेच्या ऑफिसात कसबे मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“भावाच्या आधारानं राहताय, आनंदाची गोष्ट आहे. पण हे बंद कशाला करता? तो देईल ते वरचं समजा.”

“नाही मॅडम. त्याला कमीपणा येतो. पेपरात नाव आलंय.”

“भार्गवी, तुला काय वाटतं गं?”

भार्गवीनं माझ्याकडं बघितलं. मी डोळे मोठे केले. ती म्हणाली, “अम्मा म्हणेल ते.”

मॅडमनी कागद पुढं सरकवला. “अडचण आली तर या. पुन्हा अर्ज करता येतो. वेळ लागेल, पण होतं. याल ना?”

“येईन की,” मी म्हटलं आणि सही केली. मला फक्त सहीच येते, पण ती मी वळणदार करते.

अण्णाकडं पहिल्या महिन्यात पाच तारखेला गेले तेव्हा त्यानं पाकीट हातात ठेवलं, वहिनीनं चहा दिला. दुसऱ्या महिन्यात अण्णा घरी नव्हता. वहिनी म्हणाली, “बसा, येतीलच.” मी बसले. समोर लग्नाचे तांदूळ निवडायला पसरले होते. रिकामं कसं बसायचं म्हणून मी निवडायला घेतले. संध्याकाळपर्यंत निवडले. अण्णा आला, पाकीट दिलं, “अगं, उशीर झाला,” म्हणाला. तिसऱ्या महिन्यात लग्न झालं. छान झालं. मी नवीन पातळ नेसून मांडवात फिरत होते, नवरीची आत्या म्हणून मला आहेर केला. चौथ्या महिन्यात पाच तारखेला गेले तर वहिनी दारातच उभी.

“लग्नानं कंबर मोडलीय आमची. पुढच्या आठवड्यात बघू.”

पुढच्या आठवड्यात अण्णाच भेटला, दुकानात, गिऱ्हाईक होतं समोर. त्यानं मला बाजूला घेतलं.

“मणी, तुझ्या हातात धंदा आहे की गं. तुला काय कमी? मी काय आयुष्यभर…” आणि गिऱ्हाइकाकडं बघून हसला. पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही, आणि करायची गरजही नव्हती.

तिथून कसबे मॅडमचं ऑफिस सरळ वाटेवर होतं. मी दारासमोरून गेले. आतलं टेबल दिसलं, मॅडमची पाठ दिसली. मी गेले नाही. काय सांगणार होते? मीच तोंड वर करून म्हटलं होतं, माझा भाऊ मला सांभाळतो. पुढच्या दीड महिन्यात ब्रँचला जाता-येता मी त्या दारावरून किती वेळा गेले असेन. एकदा पायरीवर पायही ठेवला. आत कुणीतरी ओळखीची बाई बसलेली दिसली, तशी परत फिरले.

पुन्हा हजार सुरू झाल्या. भार्गवीची बोटं पुन्हा तंबाखूनं पिवळी झाली. तिनं तक्रार केली नाही. एका शब्दानंही म्हणाली नाही की मी सांगत होते. फक्त ती पुन्हा माझ्याकडं तोंड करून बसायला लागली.

पहिली थप्पड कधी मारली ते आठवत नाही. पण दुसरीपासून सोपं झालं.

एप्रिल होता. सोलापूरचा एप्रिल, त्यात पत्र्याची खोली. तिची परीक्षा चालू होती. सकाळी मी पानं भिजवली, ओल्या पोत्यात गुंडाळली, तिला सांगितलं, “मी ब्रँचला जाऊन येते. पोत्यावर अधूनमधून पाणी मार. आणि राहिलेली तोंडं मिटून ठेव.”

ब्रँचमध्ये त्या दिवशी दोनशेच्या वर छाट निघाली. तपासणाऱ्यानं जुड्या मोडून माझ्यासमोर टाकल्या. “बाई, ही तोंडं आहेत का बिळं? उद्यापासून असला माल आणायचा नाही.” मागच्या बायका हसल्या. वाटेत घरमालक भेटला, त्यानंही दोन शब्द ऐकवले. मी भर उन्हातून चालत घरी आले.

भार्गवी झोपली होती. विज्ञानाचं पुस्तक मांडीवर, डोकं भिंतीला, तोंड थोडं उघडं. पोतं उघडं पडलं होतं. पानं सुकून चुरमुरली होती, हात लावला की तुटत होती. दुसऱ्या दिवशीचं सगळं काम गेलं. ती पानं आता पदरचे पैसे घालून आणायची होती.

मी बसायचा पाट उचलला.

तिला हाक मारली का नाही, ते मी खूप आठवून बघितलंय. नसेल मारली. पाट खाली येताना तिचे डोळे उघडले आणि तिनं डावा हात वर घेतला. कोपराच्या खाली लागला. जो आवाज झाला तो मी सांगणार नाही.

ती ओरडली नाही. हात पोटाशी धरला, घसरत उठली, आणि उजव्या हातानं ती सुकलेली पानं गोळा करायला लागली. “मी पाणी मारते, अम्मा. मी आत्ता पाणी मारते. नीट होतील.” असं म्हणत एकेक पान उचलून पोत्यात ठेवत होती. हात वाकडा लोंबत होता आणि पोरगी पानं उचलत होती.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. “कसं झालं, बाळ?”

“पाण्याच्या टाकीवरून पडले,” भार्गवी म्हणाली.

डॉक्टरनं हाडाचा फोटो उजेडाला धरला, खाली ठेवला, तिच्या दंडावरचे, पाठीवरचे जुने वळ बघितले. मग मला म्हणाला, “बाई, तुम्ही जरा बाहेर बसा.”

बाहेर बाकड्यावर बसले होते तेव्हा कसबे मॅडम आल्या. दवाखान्यातून कुणी फोन केला असेल. मला वाटलं ओरडतील. त्या माझ्या शेजारी बसल्या.

“का आला नाहीत हो?”

“लाज वाटली.”

त्या उठून आत गेल्या.

मुलांचं बघणारी एक समिती असते. तिच्यापुढं आम्हाला उभं केलं. आधी भार्गवीला एकटीला आत घेतलं, मग मला. मी खूप रडले, पाया पडले, पुन्हा हात लावणार नाही म्हणाले. मध्ये बसलेल्या बाईंनी विचारलं, “पूर्वी दहा-अकरा महिने तुम्ही मारत नव्हता म्हणता. मग पुन्हा कशानं सुरू झालं?” मी म्हटलं, “दिवस वाईट होते.” त्यांनी लिहून घेतलं.

भार्गवीला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तिला विचारलं होतं म्हणे, आईकडं जायचंय का. ती काय म्हणाली ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सहा वर्षं ती तिथं होती. तिचं खाणं, कपडे, राहणं, सांभाळणाऱ्या बायका, पहारेकरी. मला महिन्याला मिळत होतं त्याच्या कितीतरी पट खर्च तिच्यावर होत असणार. पण आता ती माझ्याजवळ नव्हती, म्हणून माझं काही अडत नव्हतं. मी एकटीपुरत्या पाचशे वळायची आणि दुपारी झोपायची.

महिन्यातून एक शनिवार भेटीचा असायचा. मी लाडू घेऊन जायची. ती यायची, समोर बसायची, ‘कशी आहेस, अम्मा’ विचारायची. एक लाडू खायची, उरलेले मैत्रिणींसाठी ठेवायची. अगदी नीट वागायची, पाहुण्याशी वागतात तशी.

आता ती पुण्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. जावई चांगला आहे. चार वर्षांची नात आहे, ईरा. भार्गवी वर्षातून दोनदा येते, पण माझ्याकडं राहत नाही. स्टेशनजवळ लॉजवर उतरते आणि दिवसा भेटायला येते. लोकांना मी सांगते, घर लहान आहे ना, पोरीला उकडतं.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला पैसे पाठवते. एकदाही चुकली नाही. बाळंतपणात सुद्धा दवाखान्यातून पाठवले.

गेल्या मे महिन्यात आली होती. मी ईराला कपात दूध दिलं, ती खाली बसून पीत होती. मी भार्गवीला म्हटलं, “अगं, एवढे पाठवू नको. मला एकटीला काय लागतं? तुझा संसार आहे. मी बिड्या सोडल्या तरी थोडं साठलंय माझ्याजवळ.”

“असू दे. घे.”

“पण कशाला?”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “अम्मा, तुझ्याकडं पैसे असले की तू चांगली असतेस.” रागानं नाही म्हणाली. औषधाची वेळ सांगावी तसं. “मला सहावीतच कळलं होतं. ते पैसे यायला लागले आणि तू मारायचं सोडलंस. म्हणून तर तुला म्हणत होते, सही करू नको. शाळा सोडते म्हणाले होते. आठवतं?”

मला आठवत होतं.

“मग तेव्हा सांगायचंस ना, का ते.”

“सांगितलं असतं तर मारलं असतंस.”

तिला मी पैसा पैसा करणारी पोरगी म्हटलं होतं, तेही मला आठवत होतं. तिलाही आठवत असणार. ते तिनं काढलं नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, तिला वसतिगृहात जायचंय, तिथल्या बाई निवृत्त होणार आहेत, भेटून येते. तासाभराचं काम.

“ईराला ठेव इथं,” मी म्हटलं. “एवढ्या उन्हात कुठं नेतेस? मी बघते.”

भार्गवी काही बोलायच्या आत ईराच्या हातून कप कलंडला. दूध फरशीवर पसरलं, माझ्या पातळापर्यंत आलं. ईरा ‘ओह’ म्हणून हसायला लागली. मी भार्गवीकडं बघितलं. तिचं लक्ष दुधाकडं नव्हतं, पोरीकडंही नव्हतं. ती माझ्या उजव्या हाताकडं बघत होती.

क्षणभरच. मग तिनं वाकून ईराला उचललं, तिचे बूट शोधले, घातले. “नेतेच तिला,” म्हणाली. “बाईंना बघायचीय ती.”

“आजी, टाटा,” ईरा तिच्या खांद्यावरून म्हणाली. जिना उतरताना दोघींचा आवाज येत होता, मग थांबला.

मी फडकं आणलं आणि दूध पुसलं. माझा हात अगदी स्थिर होता. ते बघायला तिथं कोणी नव्हतं.